रित्या पिस्तुलाची कथा

खांडववनाच्या प्रसंगी अग्नीने वरुणाकडून अर्जुनास गांडीव धनुष्य देवविले, तेव्हा त्यासोबत दोन अक्षय भातेही देवविले, असे महाभारतकार सांगतात. कथा ऐकताना आपले लक्ष गांडीवाकडे असते. भात्यांकडे ते सहसा जात नाही. परंतु कवीला युद्धाचे मर्म पुरते ठाऊक होते. धनुष्य कितीही थोर असो, भाता रिता झाला की त्या घटकेपुरता महारथी आणि रस्त्याने जाणारा वाटसरू यांत फारसे अंतर उरत नाही. ह्या संकटातून अर्जुन सुटला. कारण त्याला देवांचे साह्य होते. इतर मनुष्यांना हा प्रश्न आपल्याच बुद्धीने सोडवावा लागला.

शस्त्रांचे इतिहास लिहिणारे ग्रंथकार नळीचा व्यास, गोळीचा वेग आणि तिचा पल्ला यांची मापे मोठ्या हौसेने देतात. परंतु एक माप त्यांच्या कोष्टकांत क्वचितच आढळते. शस्त्र रिते झाल्यापासून ते पुन्हा भरून होईपर्यंत किती वेळ जातो? ज्याच्या हाती शस्त्र असते त्याचे मरण पुष्कळदा ह्याच फटीतून आत शिरते. आमच्या मते पिस्तुलाचा गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास हा मुख्यतः ह्या फटीचाच इतिहास होय. आणि तो वाचताना यंत्राइतकेच मनुष्याचेही दर्शन घडते.

तोंडाकडून दारू ठासण्याच्या काळी ही फट इतकी मोठी असे की, घोडेस्वार पिस्तूल एकदा झाडून ते खोगिराच्या पिशवीत परत ठेवी आणि तलवार उपसे. पिस्तूल पुन्हा भरण्याचा विचार तो लढाई संपल्यावर करी. सॅम्युएल कोल्ट याने १८३६ साली फिरत्या चाकाच्या पिस्तुलाचे अमेरिकन पेटंट घेतले, त्यामुळे बार वाढले. पण फट काही मिटली नाही. प्रत्येक खणात दारू व गोळी निरनिराळी ठासावी लागे, म्हणून पुष्कळ लोक दुसरे भरलेले चाक किंवा दुसरे पिस्तूलच जवळ बाळगीत. पुढे धातूच्या पुंगळीचे काडतूस आले. तरीही कोल्टच्या १८७३ च्या प्रसिद्ध नमुन्यात बाजूची छोटी झडप उघडून रिकामी पुंगळी एकेक बाहेर ढकलायची आणि नवे काडतूस एकेक आत घालायचे, असाच क्रम होता. स्मिथ आणि वेसन यांनी १८७० साली मधोमध मोडणारे रिव्हॉल्वर काढले; ते उघडताच साऱ्या रिकाम्या पुंगळ्या एकदम बाहेर पडत. इंग्रजांच्या वेब्ली रिव्हॉल्वरचीही तीच रीत होती. प्रिडो नावाच्या इंग्रज गृहस्थाने १८९३ साली सहाही काडतुसे एका दाबाने आत बसविणाऱ्या चकतीचे पेटंट मिळविले, आणि पहिल्या महायुद्धात ती चकती कित्येक अधिकाऱ्यांच्या कमरेस होती. एवढ्यावरून ह्या फटीची धास्ती शिपायाच्या मनात किती खोल बसली होती हे ध्यानात यावे.

प्रिडोची चकती निघाली त्याच १८९३ साली ह्यूगो बोर्चार्ट ह्या जर्मन कारागिराचे स्वयंचलित पिस्तूल बर्लिनच्या लुडविग लोवे कंपनीच्या कारखान्यातून बाहेर पडले. बार उडताच शस्त्राला मागे जो धक्का बसतो तो आजवर वाया जात होता. त्याच धक्क्याने जुनी पुंगळी बाहेर फेकावी, नवे काडतूस नळीत सारावे आणि घोडा पुन्हा चढवावा, ही कल्पना मॅक्सिमने आपल्या तोफेत दहा वर्षांपूर्वीच सिद्ध केली होती. बोर्चार्टने ती मनुष्याच्या एका हातात आणली. परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीने त्याची खरी थोरवी निराळी आहे. त्याने आठ काडतुसांची एक चपटी पेटी केली आणि ती पिस्तुलाच्या पोकळ मुठीत खालून बसविली. काडतुसे भरण्याचे काम आता लढाईच्या वेळचे राहिले नाही. ते आदल्या रात्री तंबूत दिव्याजवळ बसून स्वस्थपणे करता येऊ लागले. लढाईत उरली ती केवळ पेट्यांची अदलाबदल.

सगळ्यांनीच हा मार्ग लगेच धरला असे मात्र नाही. ओबर्नडॉर्फ येथील माउझर कारखान्याच्या १८९६ च्या पिस्तुलात पेटी कायमची जडविलेली असून ती चापाच्या पुढे होती. दहा काडतुसे एका पातळ पत्र्याच्या पट्टीत ओवलेली असत. ती पट्टी वरून खाचेत उभी करायची आणि अंगठ्याने काडतुसे एका दमात खाली दाबायची. शेवटचा बार उडाला की पेटीतील वर आलेली पाटी आतल्या दट्ट्यास मागेच अडवून धरी आणि पिस्तूल उघडे राही. काडतुसे भरून रिकामी पट्टी उपटून काढताच दट्ट्या आपोआप पुढे झेप घेई व पहिले काडतूस नळीत जाई. येथे निराळा खटका दाबावा लागत नाही. पट्टी काढणे हाच खटका.

ह्या माउझरचा एक प्रसंग आमच्या मुंबईशी जोडलेला आहे. १८९६ च्या ऑक्टोबरात विन्स्टन चर्चिल हा तरुण घोडदळ अधिकारी मुंबईस ससून गोदीवर होडीतून उतरत होता. ओल्या पायऱ्यांजवळचे लोखंडी कडे त्याने उजव्या हाताने धरले, इतक्यात लाटेने होडी मागे ओढली आणि त्याचा खांदा निखळला. ती दुखापत त्याला जन्मभर पुरली. त्या हाताने तलवार फिरविण्याचा भरवसा उरला नाही, म्हणून हातघाईची वेळ आलीच तर पिस्तूल वापरावे असे त्याने ठरविले. २ सप्टेंबर १८९८ रोजी सुदानातील ओमदुर्मान येथे एकविसाव्या लान्सर पथकाने हल्ला केला, तेव्हा चर्चिलच्या हाती लंडनमध्ये घेतलेले माउझर होते. सारा प्रकार दोन-तीन मिनिटांत आटोपला; सुमारे तीनशे स्वारांपैकी सत्तर-एक मेले किंवा जखमी झाले. गर्दीतून पलीकडे निघाल्यावर त्याने पाहिले तो पिस्तूल पूर्ण रिते झालेले! दुसरा कोणताही विचार करण्यापूर्वी आपण दहा काडतुसांची नवी पट्टी त्यात भरली, असे त्याने आपल्या आत्मवृत्तात नमूद केले आहे. आपले कोण पडले, कोण वाचले, ह्याची विचारपूस मागाहून. जो माणूस त्या फटीत उभा राहून आला, त्याच्या मनाची ती पहिली आज्ञा होती.

ह्या सुमारास अमेरिकेच्या यूटा प्रांतातील जॉन मोझेस ब्राउनिंग ह्याने पिस्तुलाला जे रूप दिले, तेच बहुतांशी आजही टिकून आहे. नळीवर एक लांब पोलादी आवरण घालावयाचे आणि प्रत्येक बाराबरोबर ते मागे-पुढे सरकावयाचे. ह्यासच स्लाइड म्हणतात. त्याची पहिली पिस्तुले बेल्जममधील लीएज शहराजवळच्या हेर्स्ताल येथे तयार झाली. अमेरिकन सैन्यासाठी त्याने केलेले .४५ व्यासाचे कोल्ट मार्च १९११ मध्ये कसोटीस उतरले. सहा हजार बार ओळीने झाडले. पिस्तूल तापले की पाण्यात बुडवून थंड करीत आणि पुन्हा चालवीत. ते एकदाही अडले नाही. २९ मार्च १९११ रोजी ते स्वीकारले गेले आणि १९८५ पर्यंत अमेरिकन सैन्याचे मुख्य पिस्तूल म्हणून राहिले.

ह्या पिस्तुलाच्या डाव्या अंगास, उजव्या हाताच्या अंगठ्याजवळ, एक छोटा पोलादी तुकडा आहे. आमची कथा खरोखर ह्या तुकड्याची आहे. त्याची आडवी खीळ सांगाड्यातून आरपार जाऊन नळीच्या सांध्यास धरून ठेवते. म्हणजे पिस्तूल एकसंध राहते ते त्याच्यामुळे. पेटीतील सातवे काडतूस वर जाईपर्यंत तो स्वस्थ पडून असतो. शेवटचे काडतूस निघून गेले की पेटीतील स्प्रिंगवरची पाटी त्याला खालून वर उचलते, मागे आलेल्या स्लाइडच्या खाचेत त्याचे टोक अडकते, आणि स्लाइड मागेच थांबते. दाराला अडसर घालावा तसा हा प्रकार आहे. फरक इतकाच की घराचा अडसर दार बंद ठेवतो आणि हा उघडे ठेवतो. उघड्या पिस्तुलाकडे पाहण्याचीही गरज पडत नाही. हातातील तोल बदलतो, धक्का निराळा जाणवतो, आणि ‘मी रिता आहे’ हा निरोप मनगटातून मनापर्यंत पोहोचतो. रिव्हॉल्वर असा निरोप देत नसे; रित्या खणावर घोडा आपटल्याचा कोरडा आवाज हीच त्याची सूचना, आणि ती ऐकू येई तेव्हा पुष्कळदा उशीर झालेला असे.

निरोप मिळाल्यावर पुढे काय? प्रथम रिकामी पेटी काढावयाची. येथे दोन संप्रदाय झाले. कोल्टमध्ये चापामागे एक बोंडी आहे. ती दाबताच पेटी निसटून खाली पडते आणि दुसरा हात तेवढ्यात नवी पेटी आणू शकतो. युरोपातील पुष्कळ पिस्तुलांत, जर्मनांच्या वाल्थर पी-३८ मध्ये किंवा इटालियनांच्या जुन्या बेरेटामध्ये, पेटीची पकड मुठीच्या तळाशी असते. ती एका हाताने मागे ओढून पेटी त्याच हाताने बाहेर घ्यावी लागते. ह्यात वेळ जातो, पण पेटी हरवत नाही. एका पक्षाला क्षण मोलाचा वाटला, दुसऱ्याला पेटी. अमेरिकन घोडदळाला दोन्ही हवे होते; म्हणून १९११ च्या आरंभीच्या पेट्यांच्या तळाशी दोरी ओवण्यासाठी एक कडी असे. पेटी निसटली तरी ती स्वाराच्या अंगाशीच लोंबत राही.

नवी पेटी बसली की उघडी स्लाइड पुढे सोडावयाची, आणि येथे मतभेदांस आरंभ होतो. तो मतभेद नावापासूनच आहे. त्या तुकड्याला कारखानदार ‘अडसर’ अशा अर्थाचे नाव देतात. पुष्कळ वापरणारे त्याला ‘सोडखटका’ म्हणतात. जो त्याला अडसर म्हणतो त्याच्या मते त्याचे काम स्लाइड थांबविण्याचे. सोडण्याचे काम हाताने करावे. जो खटका म्हणतो त्याच्या मते तो अंगठ्याजवळ बसविला आहे तो दाबण्यासाठीच.

रीती मुख्यतः तीन. पहिली अंगठ्याने खटका दाबण्याची. ती सर्वांत त्वरेची, आणि एक हात जखमी झाला असता तीच उपयोगी पडते. दुसरीत डाव्या हाताचा अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत स्लाइडचे मागचे टोक धरून, मुले गलोलीचा रबर ताणतात तसे ते किंचित मागे ओढावयाचे आणि सोडून द्यावयाचे. तिसरीत चिमटीऐवजी सारा पंजा वरून घालून स्लाइड कवळावयाची. शेवटच्या दोन रीतींचे अभिमानी म्हणतात की, अडसरापाशी थांबलेली स्लाइड अगदी मागपर्यंत गेलेली नसते. तिला आणखी थोडी मागे ओढली म्हणजे स्प्रिंगचा पूर्ण जोर मिळतो आणि काडतूस निश्चित आत जाते. शिवाय भीतीने हात थरथरत असता, थंडीने बोटे बधिर झाली असता, किंवा हातमोजे घातले असता, एवढासा खटका बोटाला सापडेलच असे नाही. पंजा मात्र चुकत नाही. आणि खटका प्रत्येक पिस्तुलावर निराळ्या जागी असतो, कित्येकांवर तो बाहेर नसतोच. जर्मन लूगरमध्ये तसा खटका नाही. वाल्थरच्या १९२९ च्या पिस्तुलातही अडसर आतच दडलेला आहे, तेथे स्लाइड ओढल्यावाचून गत्यंतर नाही. डावखुऱ्या माणसाच्या अंगठ्याला तर डाव्या अंगाचा खटका गवसतच नाही. त्याने तर्जनी वापरावी किंवा हाताने ओढावे. अलीकडचे कारखानदार दोन्ही अंगांस खटका बसवू लागले, हे त्या उपेक्षित मंडळींचे यश होय. एका गोष्टीविषयी मात्र सर्वांचे एकमत आहे. स्लाइड हाताने धरून हळूच पुढे पोहोचवू नये. ती सोडून द्यावी. ज्याने मायेने तिला पुढे नेले त्याचे काडतूस अर्ध्या वाटेत अडकले.

हा वाद केवळ हौशी लोकांचा आहे असे ज्यांस वाटेल त्यांनी कॅलिफोर्नियातील न्यूहॉल गावचा प्रसंग आठवावा. ५ आणि ६ एप्रिल १९७० यांच्या मधल्या रात्री दोन सशस्त्र गुन्हेगारांशी झालेल्या चकमकीत महामार्ग पोलिसांचे चार अधिकारी पाच मिनिटांच्या आत मारले गेले. त्यांपैकी एक तरुण अधिकारी रिव्हॉल्वर रिते झाल्यामुळे गाडीच्या आडोशाला बसून काडतुसे एकेक करून भरीत होता. सहावे भरून तो चाक मिटतो आहे, इतक्यात मारेकरी त्याच्यापर्यंत येऊन पोहोचला. त्यानंतर त्या दलाने सहाही काडतुसे एकदम भरण्याचे साधन आपल्या माणसांना दिले. प्रिडोने जे १८९३ साली सांगितले होते, ते चार माणसे गमावल्यावर पुन्हा शिकावे लागले.

पुढे शिकविणाऱ्यांनीही ह्या फटीकडे निराळ्या दृष्टीने पाहिले. जेफ कूपर ह्या माजी अमेरिकन मरीन अधिकाऱ्याने १९७६ साली ॲरिझोनात पिस्तुलाची शाळा काढली. तेथे आणि त्या परंपरेतील इतर शाळांत जे शिकवितात त्यातील एक सूत्र असे की, पिस्तूल रिते होण्याची वाट पाहू नये. लढाईत क्षणभर उसंत मिळताच अर्धी पेटी काढून खिशात ठेवावी व भरलेली बसवावी. नळीत एक काडतूस असतेच, म्हणून स्लाइड उघडी पडत नाही आणि ती कशी सोडावी हा प्रश्नही उरत नाही. आमच्या घरच्या वडील बायकांना हे सूत्र निराळे सांगावे लागले नसते. देवापुढचा नंदादीप विझल्यावर तेल घालणे हा गलथानपणा; वात फडफडण्यापूर्वीच तेल पडले पाहिजे, हे त्यांना पहिल्यापासून ठाऊक आहे.

कारखान्यांनीही आपल्या परीने फट दूर ढकलली. ब्राउनिंग १९२६ साली लीएज येथे काम करता करताच वारला. त्याचे अपुरे राहिलेले पिस्तूल द्यूदोने सेव्ह ह्या बेल्जियन कारागिराने १९३५ साली पुरे केले आणि तेरा काडतुसे दुहेरी ओळीत बसविली. ह्याच वळणाचे ९ मिलिमीटरचे पिस्तूल पुढे बंगालमधील ईशापूरच्या रायफल कारखान्यात आपल्या सैन्यासाठी तयार होऊ लागले. १९८२ साली ऑस्ट्रियाच्या सैन्याने स्वीकारलेल्या ग्लॉकमध्ये सतरा काडतुसे मावतात. सातावरून तेरा, तेरावरून सतरा! मनुष्य अक्षय भात्याकडे पायरी पायरीने जात आहे. तथापि तो अजून तेथे पोहोचलेला नाही.

येथे एक गोष्ट मनात आल्यावाचून राहात नाही. ही सारी योजना सैनिकासाठी आणि शिपायासाठी झाली. परंतु स्वयंचलित पिस्तुलाने इतिहासाचा ओघ जेथे जेथे वळविला, तेथे ती कामास आलीच नाही. लंडनहून सावरकरांनी पाठविलेल्या वीस ब्राउनिंग पिस्तुलांपैकी एक अनंत कान्हेरे यांच्या हाती होते, आणि २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सन ‘शारदा’ नाटकास आला असता त्यातून गोळ्या सुटल्या. २८ जून १९१४ रोजी साराजेव्हो येथे ब्राउनिंगच्याच १९१० च्या पिस्तुलाचे दोन बार झाले आणि युरोप चार वर्षे जळत राहिला. त्या पिस्तुलाला शेवटच्या बारानंतर उघडे राहण्याचा अडसरही नव्हता. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीस बिर्ला भवनाच्या बागेत प्रार्थनेस निघालेल्या गांधीजींवर बेरेटाचे तीन बार झाले. ह्या तीन कृत्यांचे हेतू एक नव्हते, आणि त्यांचे मोलही इतिहासाने एकाच तराजूत केलेले नाही. परंतु तिन्ही ठिकाणी दुसरी पेटी बसविण्याची वेळ आली नाही. चटकन भरण्याची विद्या ज्याच्यावर उलट गोळी येते त्याच्यासाठी आहे. निःशस्त्रावर शस्त्र चालविणाऱ्याला तिची गरजच नसते. त्याचे काम पहिल्या पेटीतच आटोपते.

महाभारताने अर्जुनास अक्षय भाते दिले, तसा कर्णाच्या वाट्याला रुतलेल्या चाकाचा क्षणही दिला. रथाचे चाक भूमीने गिळले तेव्हा कर्णाने धर्माची आठवण देऊन अर्जुनास क्षणभर थांबण्यास सांगितले. कृष्णाने त्याला त्याच्याच पूर्वीच्या अधर्माची आठवण दिली, आणि बाण सुटला. तो क्षण कर्णाचा मृत्यू होता, अर्जुनाची संधी होता, आणि ऐकणाऱ्यांसाठी आजवर न सुटलेला प्रश्न होऊन राहिला आहे. पिस्तुलाचा रिता क्षण ह्याच जातीचा आहे. त्यात अडकलेल्या शिपायाची आई तो क्षण जितका लहान होईल तितकी देवाची ऋणी राहील. समोरच्या माणसाच्या आईला तेवढाच क्षण जगण्याला पुरला असता. दोनशे वर्षांच्या खटपटीने मनुष्याने ती फट काही सेकंदांवर आणली. पोलादाचा तो छोटा तुकडा एवढेच खरेपणाने सांगतो की, ‘आता मी रिता आहे’. त्यापुढचा विचार त्याच्यावर सोपविता येत नाही. तो पिस्तूल धरणाऱ्यालाच करावा लागतो.